आत किती उरलंय?

आमच्या घरी गॅस सिलिंडरमध्ये किती उरलंय हे ओळखायच्या तीन तऱ्हा होत्या. वडील सिलिंडर कडीला धरून जरासा उचलत आणि हातानेच वजन जोखत. आजी त्याच्या अंगावरून ओलं फडकं फिरवायची. आत द्रव असतो तिथवरचा पत्रा गार, म्हणून तिथली ओल रेंगाळते; वरची पटकन वाळते. ती सीमारेषा म्हणजे आजीची मोजपट्टी. आई मात्र सिलिंडरकडे बघायचीसुद्धा नाही. “बारा तारखेला लावला, मध्ये आठ दिवस पाहुणे होते, परवा पुरणपोळ्या झाल्या. चार दिवस जाईल अजून.” आणि तो बहुतेक वेळा चार दिवसच जायचा.

सौर आणि पवनऊर्जा साठवणाऱ्या प्रचंड बॅटऱ्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसासमोर पहिला प्रश्न हाच येतो: आत किती उरलंय? आमच्या घरच्या तीन तऱ्हांपैकी वडिलांची इथे बाद होते, कारण भरलेल्या आणि रिकाम्या बॅटरीचं वजन सारखंच भरतं. आइनस्टाइनच्या सूत्राने काटेकोर हिशोब केला, तर 129 मेगावॅट-तास वीज साठवणाऱ्या बॅटरीचं वजन पूर्ण भरल्यावर साधारण पाच मिलिग्रॅमने वाढतं. दोन तिळांएवढं. ते मोजणारा काटा या बॅटरीखाली मावणार नाही.

पाण्याच्या साठ्याचं असं नसतं. अकोले तालुक्यातल्या घाटघरला 2008 पासून 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प चालू आहे. वीज जास्त असेल तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, वीज हवी असेल तेव्हा तेच पाणी खाली सोडून जनित्रं फिरवायची. तिथे किती साठा उरला हे विचारायला सॉफ्टवेअर लागत नाही, काठावर उभं राहिलं की दिसतं. लिथियम बॅटरीला असा काठ नाही. तिच्यातला साठा कधीच कोणाला दिसत नाही. तो फक्त अनुमानाने कळतो आणि ते अनुमान काढणं हे या सॉफ्टवेअरचं मूळ काम. बाकी सगळं त्यावर उभं राहतं, किंवा त्यापायी कोसळतं.

उरल्या आजीची आणि आईची तऱ्हा. आजीची तऱ्हा म्हणजे व्होल्टेज मोजणं. बॅटरी रिकामी होत जाते तसं व्होल्टेज उतरत जातं, तेव्हा व्होल्टेज पाहा आणि साठा ओळखा. जुन्या शिसं-आम्लाच्या बॅटऱ्यांमध्ये हे बऱ्यापैकी जमायचं. आजच्या साठवण प्रकल्पांत मात्र लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाचे सेल मोठ्या प्रमाणात वापरतात. ते स्वस्त आहेत, टिकाऊ आहेत आणि सहजासहजी पेट घेत नाहीत. पण या गुणी बाळाची एक खोड आहे. सेल वीस टक्के भरलेला असो की नव्वद टक्के, त्याचं व्होल्टेज जेमतेम एक दशांश व्होल्टने बदलतं, 3.2 च्या थोडं वर सुरू होऊन 3.3 च्या थोडं वर संपतं. आजीचं फडकं वरपासून खालपर्यंत सारखंच ओलं राहावं तसं. शिवाय एकाच साठ्याला हा सेल दोन वेगळी व्होल्टेज दाखवतो, नुकताच भरत आलेला असेल तर एक आणि नुकताच वापरत आलेला असेल तर दुसरं. म्हणजे उत्तर मिळण्यासाठी तो आत्ता कुठून आला हेही माहीत हवं.

आईची तऱ्हा म्हणजे जमाखर्च. किती विद्युतप्रवाह आत गेला आणि किती बाहेर आला, सेकंदा-सेकंदाला मोजत बेरीज-वजाबाकी करत राहायचं. कागदावर हे अचूक दिसतं. पण प्रवाह मोजणारा सेन्सर थोडासा चुकतोच आणि बेरजेत चूक साचत जाते. समजा 280 अँपिअर-तासांचा सेल आहे आणि सेन्सर अर्धा अँपिअर जास्त दाखवतो. एका दिवसात बारा अँपिअर-तासांची चूक झाली, म्हणजे चार टक्क्यांहून थोडी जास्त. आठवड्याने पडद्यावर साठ टक्के दिसत असतील तेव्हा आत तीस असतील. माझी आई हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू करायची तो नवा सिलिंडर लावल्याच्या दिवशी. बॅटरीला असा दिवस क्वचित येतो.

मग जाणकार दोन्ही तऱ्हांची सांगड घालतात. या सांगडीमागचं गणित रुडॉल्फ काल्मान या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी अभियंत्याने 1960 साली मांडलं. अपोलो यानांना चंद्राच्या वाटेवर आपण नेमके कुठे आहोत हे याच गणिताने कळलं. बॅटरीच्या हिशोबाला ते कसं लावायचं हे कोलोरॅडो विद्यापीठातल्या ग्रेगरी प्लेट यांनी 2004 मध्ये सविस्तर लिहिलं, आणि आज या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांना ते शिकावं लागतं.

काल्मानचं गणित समजायला रात्रीची एसटी पुरते. स्वारगेटहून कोल्हापूरच्या गाडीत बसलात आणि डोळा लागला. जाग आली. निघून अडीच तास झाले, गाडीचा वेग माहीत आहे, म्हणजे सातारा गेलं असणार. हे झालं अनुमान. तेवढ्यात धुरकट काचेतून मैलाचा दगड झरकन मागे गेला, त्यावर कऱ्हाड 30 दिसल्यासारखं वाटलं, किंवा ते 80 असेल. ही झाली नोंद. आता विश्वास कशावर किती ठेवायचा? काच स्वच्छ असेल तर दगडावर, धुकं असेल तर घड्याळावर. काल्मानचं गणित दर वेळी हा तोल स्वतः ठरवतं, आणि उत्तरासोबत आपली खात्री किती आहे तेही सांगतं. मला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. “साठा 62 टक्के” असं सांगणारं सॉफ्टवेअर कोणीही लिहील. “साठा 62, पण पाच इकडेतिकडे” असं कबूल करणारं लिहायला निराळी वृत्ती लागते.

हे झालं एका सेलचं. प्रकल्पात असे सेल हजारोंनी असतात. शेकडो सेल एका माळेत जोडलेले आणि माळेतला प्रत्येक सेल स्वभावाने थोडा वेगळा. कोणी लवकर भरतो, कोणी लवकर दमतो. इथे पंगतीची उलटी रीत चालते. एकाचं पोट भरलं की सगळ्यांना वाढणं थांबवायचं, कारण भरलेल्या सेलमध्ये आणखी वीज कोंबली तर तो बिघडतो, क्वचित पेटतो. तसंच एकाचं ताट रिकामं झालं की सगळ्यांनी उठायचं. म्हणून प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी, भरलेल्यांची जादा वीज काढून माळ समतोलात आणणारी यंत्रणा असते, तिला बीएमएस म्हणतात. तिच्यावर असतो बॅटरीची डीसी वीज एसी करणारा इन्व्हर्टर, आणि त्याहून वर संपूर्ण प्रकल्पाचा कारभार पाहणारी ईएमएस, जी विजेच्या बाजाराशी आणि ग्रिडशी, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याशी, बोलते.

ही मंडळी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात हे ऐकून नवशिक्या अभियंत्यांना धक्का बसतो. अनेक ठिकाणी ती भाषा मॉडबस असते, 1979 ची. एका खणात सोळा बिटांची एक संख्या, शून्य ते 65,535. ऋण संख्या कशी लिहायची हे दोन्ही बाजूंनी आधी ठरवायचं असतं. नाही ठरवलं, तर एक यंत्र म्हणतं “वजा पाच किलोवॅट” आणि दुसरं वाचतं 65,531. मोठी संख्या असेल तर ती दोन खणांत मोडून लिहायची. पण आधीचा खण कोणता आणि नंतरचा कोणता, यावर कंपन्यांचं एकमत नाही. सगळ्यांत जुना घोळ तर चिन्हाचा. बॅटरी चार्ज होत असेल तर आकडा धन की ऋण? बॅटरीवाला म्हणतो आत येतंय म्हणजे धन, ग्रिडवाला म्हणतो माझ्याकडून जातंय म्हणजे ऋण. दोघांचंही बरोबर आहे. प्रकल्प पहिल्यांदा सुरू करताना अभियंते अगदी थोडी वीज सोडून आधी एवढंच पाहतात, की “भर” म्हटल्यावर ती भरते की रिकामी होते.

आता ग्रिडकडे येऊ. आपल्या ग्रिडचा ठोका सेकंदाला 50 आवर्तनांचा. मागणी वाढली की तो मंदावतो, वीज जास्त झाली की तेज होतो. भारतात तो 49.90 ते 50.05 या पट्ट्यात राखायचा असतो. 5 एप्रिल 2020 च्या रात्री नऊ वाजता, करोनाच्या टाळेबंदीत पंतप्रधानांनी केलेल्या आवाहनावरून, आपण सगळ्यांनी नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा या ठोक्याची परीक्षा झाली. मागणी बारा-तेरा हजार मेगावॅटने घटेल असा अंदाज बांधला होता, प्रत्यक्षात ती सुमारे 31 हजारांनी कोसळली. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांचे डोळे एका आकड्यावर होते. तो खाली 49.70 आणि वर 50.26 पर्यंत जाऊन आला. त्या रात्री देश सावरला तो मुख्यतः जलविद्युतेमुळे. पंचवीस मिनिटांत जलविद्युत सतरा हजार मेगावॅटहून अधिक खाली आणली आणि दिवे लागताच पुन्हा वर नेली. त्या रात्री घटनेची वेळ आधी ठाऊक होती. एरवी ती कोणी सांगून येत नाही, आणि तिथे बॅटरीइतकं चपळ क्वचितच काही असतं.

ही चपळाई जगाला पहिल्यांदा ठसठशीत दिसली ती दक्षिण ऑस्ट्रेलियात. तिथल्या गोष्टीची सुरुवात अंधारापासून होते. 28 सप्टेंबर 2016 ला वादळाने मोठ्या वीजवाहिन्यांचे मनोरे आडवे केले आणि अख्खं राज्य काळोखात गेलं. लोकांनी पवनचक्क्यांना दोष दिला, राजकारण्यांनीही दिला. चौकशीत निघालं ते वेगळंच. वादळामुळे व्होल्टेज दोन मिनिटांत पाच-सहा वेळा खाली गचकलं. पवनचक्क्यांच्या नियंत्रक सॉफ्टवेअरमध्ये अमुक वेळात अमुक इतके गचके सहन करायचे, त्यापुढे अंग काढून घ्यायचं, अशी एक मर्यादा लिहून ठेवलेली होती. अनेक ठिकाणी ती ओलांडली गेली आणि सात सेकंदांच्या आत 456 मेगावॅट नाहीसे झाले. शेजारच्या राज्यातून येणाऱ्या वाहिनीवर तो सगळा भार पडला आणि तीही तुटली. ती मर्यादा ग्रिड चालवणाऱ्यांना ठाऊकच नव्हती. पुढे सेटिंग बदलून ती वाढवली गेली. पाती, खांब, वारा सगळं तेच राहिलं, बदलला तो एक आकडा.

या अंधारानंतर जेम्सटाउन गावाजवळ हॉर्न्सडेलची बॅटरी उभी राहिली. कराराच्या दिवसापासून शंभर दिवसांत उभारू, नाहीतर फुकट, अशी पैज टेस्लाच्या इलॉन मस्क यांनी ट्विटरवर लावली आणि जिंकली. 100 मेगावॅट, 129 मेगावॅट-तासांची ही बॅटरी 1 डिसेंबर 2017 ला कामाला लागली. दोनच आठवड्यांनी, 14 डिसेंबरला मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास, हजारेक किलोमीटर दूर व्हिक्टोरियातल्या लॉय यांग कोळसा केंद्राचा 560 मेगावॅटचा संच अचानक बंद पडला. ठोका 49.80 पर्यंत घसरला. हॉर्न्सडेलने कोणाच्या आदेशाची वाट न पाहता ग्रिडमध्ये 7.3 मेगावॅट सोडले. शंभराच्या बॅटरीने फक्त सात का दिले, असं तेव्हा काहींनी विचारलं. कारण तिला तसंच सांगून ठेवलं होतं. ठोका अमुक मर्यादेखाली गेला की जितका खाली जाईल त्या प्रमाणात वीज सोडायची. एवढी छोटी घसरण, एवढाच प्रतिसाद. प्रोग्रामच्या भाषेत ही चार-पाच ओळींची गोष्ट. अवघड आहे ते दरवेळी, सेकंदाच्या अंशात, न चुकता तसं वागणं.

आणि तिथेच पुढे गडबड झाली. हॉर्न्सडेलला पैसे मिळत ते दोन वाटांनी. स्वस्तात वीज घेऊन महागात विकणं ही एक. दुसरी अधिक फायद्याची: काही बिघडलं तर मी धावून येईन, असं वचन देऊन नुसतं सज्ज बसणं. 9 ऑक्टोबर 2019 ला क्वीन्सलंडमधलं कोगन क्रीक केंद्र बंद पडलं तेव्हा ग्रिडचालकांच्या लक्षात आलं की हॉर्न्सडेलने वचन दिलं तेवढी मदत केलेली नाही. मागची कागदपत्रं उकरली तेव्हा जुलै ते नोव्हेंबरदरम्यान दिलेलं वचन आणि खरी क्षमता यांचा मेळच बसेना. 2022 मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने नऊ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. मला या खटल्यात दंडापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. ते चार महिने बॅटरी रोज चालू होती, वीज घेत होती, देत होती. मोठा बिघाड येईपर्यंत उणीव कोणाच्याच डोळ्यांत भरली नाही. सज्ज असणं आणि सज्ज असल्याचं सांगणं यांतला फरक एरवी कोणत्याच आलेखावर उमटत नाही.

विक्रीच्या पहिल्या वाटेविषयी थोडक्यात. दक्षिण ऑस्ट्रेलियात दर पाच मिनिटांनी वीज कोणी किती द्यायची हे ठरतं, आणि दुपारी छपरांवरच्या सौरपत्र्यांमुळे विजेचा भाव अनेकदा शून्याखाली जातो, म्हणजे वीज घेतल्याबद्दल उलट पैसे मिळतात. भारतात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे आहेत. छत्तीसगडमध्ये राजनांदगावला सौर प्रकल्पाच्या जोडीला 40 मेगावॅट, 120 मेगावॅट-तासांची बॅटरी 2024 मध्ये सुरू झाली. दिवसाची वीज संध्याकाळच्या तीन तासांना पुरवण्याएवढी ती आहे. प्रश्न सोपा वाटतो, दुपारी घ्या आणि संध्याकाळी विका. पण 100 युनिट भरले तर परत साधारण 85 मिळतात. प्रत्येक भरण्या-उपसण्याने बॅटरी थोडी झिजते, त्या झिजेचा भाव कोणीतरी लावावा लागतो. सात वाजता भाव चांगला आहे पण आठ वाजता आणखी चांगला असेल का, आणि उद्या ढग आले तर? संगणक पुढच्या चोवीस तासांचा आराखडा मांडतो, त्यातला पहिला तुकडा अमलात आणतो, बाकीचा फाडून टाकतो आणि नव्या अंदाजाने पुन्हा मांडतो. कांद्याची चाळ राखणारा शेतकरी हेच करतो. तोही रोज सकाळी लासलगावचा भाव पाहून ठरवतो, आणि रोज थोडा कांदा सडतो हे त्याच्याही हिशोबात असतं.

हिशोब चुकला तर पैसे जातात. नजर गेली तर त्याहून वाईट होतं. 30 जुलै 2021 ला मेलबर्नजवळ गिलाँगच्या बाजूला ‘व्हिक्टोरियन बिग बॅटरी’ची चाचणी चालू होती. एका कपाटाएवढ्या, खरं तर एका खोलीएवढ्या युनिटला आग लागली आणि शेजारचं युनिटही जळालं. आग आटोक्यात यायला तीन दिवसांहून जास्त लागले. कारण सापडलं ते असं: आतल्या थंड करणाऱ्या द्रवाची गळती झाली आणि त्यातून शॉर्टसर्किट झालं. गळती कुठेही होऊ शकते, ती कळली का नाही हा खरा प्रश्न. ते युनिट त्या दिवशी वापरायचं नव्हतं म्हणून चावी फिरवून बंद केलेलं होतं. चावी फिरवली की थंडाव्याची यंत्रणा बंद, अनेक संरक्षणं बंद आणि आतून येणारी माहितीही बंद. शिवाय नव्या युनिटची माहिती मुख्य नियंत्रण यंत्रणेपर्यंत पोहोचायला 24 तास लागायचे, आणि हे युनिट तेरा तासच चालू राहिलेलं होतं. चावी बंद म्हणजे यंत्र झोपलं, असं पंख्याच्या बाबतीत खरं असतं. बॅटरीला झोप नसते. तिच्यात साठवलेली ऊर्जा चावी विचारात घेत नाही. नंतर सॉफ्टवेअर बदललं, 24 तासांचा एक तास केला आणि विजेची संरक्षणं चावी कशीही असली तरी जागी राहतील अशी व्यवस्था केली.

त्याच वर्षी सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या बॅटरी प्रकल्पात उलटा प्रकार झाला. हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्राचा एक बेअरिंग झिजून थोडा धूर झाला. धूर ओळखणाऱ्या यंत्रणेत मर्यादेचा आकडा चुकीचा भरलेला होता, त्यामुळे तिने आग समजून नळांत पाणी सोडलं, आणि नळांच्या गळक्या जोडांतून ते धडधाकट बॅटऱ्यांवर उडालं. शेकड्याला सातेक मॉड्यूल त्या पाण्याने खराब झाले.

परत आपल्या मूळ प्रश्नाशी. आयर्न फॉस्फेटच्या सपाट व्होल्टेजमुळे अनुमान हळूहळू भरकटत जातं हे आपण पाहिलं. त्यावर नेहमीचा उपाय आहे, पण तो धंद्याच्या माणसाला आवडत नाही. अधूनमधून बॅटरी अगदी काठोकाठ भरायची. शेवटच्या टोकाला व्होल्टेज एकदम वर चढतं, तो मैलाचा दगड धुक्याबाहेर असतो. तिथे पोहोचलं की हिशोब पुन्हा 100 पासून सुरू करायचा, माळांचा समतोल साधायचा, थोडा वेळ तिला स्वस्थ बसू द्यायचं. पण त्या वेळात विक्री नाही, वचन नाही, कमाई नाही. त्यामुळे विक्रीचा आराखडा मांडणारा भाग हे काम पुढे ढकलत राहतो आणि अनुमान काढणारा भाग दर दिवशी आपली खात्री थोडी कमी करत जातो. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये या भांडणाला आधीच नियम घालून दिलेला असतो. खात्री अमुक इतकी घसरली की विक्री गप्प.

असा दिवस उजाडतो. बॅटरी भरत जाते, 85, 86, 87. मग व्होल्टेजला ते टोक लागतं आणि पडद्यावरचा आकडा क्षणात 87 वरून 100 वर उडी मारतो. नियंत्रण कक्षात नव्याने आलेला मुलगा घाबरून वरिष्ठांना फोन लावतो. वरिष्ठ शांतपणे विचारतात, गेले दहा दिवस आपण पडद्यावरचाच आकडा धरून बोली लावत होतो का, की त्यात काही राखून ठेवलं होतं?